मधमाशीपालनाची सचित्र पुस्तिका

मधमाशीपालनाशी माझा संबंध आला तो एका प्रेमकथेमुळे. तोवर मध म्हणजे खोकल्यावर चाटायची वस्तू आणि माशी म्हणजे हाकलायची वस्तू, एवढाच माझा त्या विषयातला अभ्यास होता.

मी कळंबच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. किसनरावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. संध्याकाळी ऑफिसातून आलो की चहा करतो, पंख्याखाली बसतो आणि चित्रकादंबरी वाचतो. चित्रकादंबरी म्हटलं की लोक लहान मुलांच्या पुस्तकांकडे बोट दाखवतात. तसं नव्हे. पानावर चौकटी, चौकटींत चित्रं, माणसांच्या डोक्यावर फुगे आणि फुग्यांत संवाद. पण गोष्ट मोठ्या माणसांची. त्यातही मला एकाच प्रकारच्या आवडतात. दोन मुलगे किंवा दोन मुली हळूहळू, अगदी हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि शेवटी सगळं नीट होतं. कुणी मरत नाही, कुणाला घराबाहेर काढत नाहीत, कुणी विहिरीकडे चालत जात नाही. फार तर सूप उतू जातं. आमच्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे, असा एक अलिखित शासन निर्णय आहे. तो या पुस्तकांना लागू नाही, हे त्यांचं मोठं वैशिष्ट्य.

‘आमच्यासारख्यांच्या’ असं मी मुद्दाम लिहिलं आहे. मला पुरुष आवडतात. हे मला बारावीपासून ठाऊक आहे. सेवापुस्तकात त्यासाठी रकाना नाही, म्हणून ऑफिसला ठाऊक नाही.

तर इव्हान आणि मिलो. कुठल्यातरी थंड बेटावर इव्हान टपालाची होडी चालवतो आणि मिलो मधमाश्या पाळतो. इव्हान त्याला टपाल देतो, मिलो त्याला मध देतो. पहिल्या भागाची दोनशे पानं या देवाणघेवाणीत जातात. शेवटच्या चौकटीत इव्हान भर पावसात मिलोच्या दारासमोर उभा आहे. दार बंद. पुढे कोरं पान, आणि मग प्रकाशकाचा पत्ता. हा भाग मी नागपूरला विकत घेतला होता आणि परतीच्या बसमध्ये वाचून संपवला होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो मुलगा माझ्या डोक्यात भिजत उभा होता. शेवटी मी दुसरा भाग घरपोच मागवला.

कुरियरवाल्याचा फोन आला. “सर, तुमचं पार्सल कळंबला पोहोचलं.”

“मी कळंबलाच आहे.”

“मग येऊन घेऊन जा ना. येरमाळा रोडला ऑफिस आहे आपलं.”

येरमाळा रोड आमच्या कळंबला नाही. तो धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला आहे. मी त्याला आमचं कळंब समजावून सांगितलं. चिंतामणीचं कळंब, यवतमाळ जिल्हा, कापसाचा मुलूख. तो म्हणाला, बरोबर, समजलं. त्यानंतर पार्सल पुणे जिल्ह्यातल्या कळंबला गेलं. महाराष्ट्रात कळंब नावाची गावं किती आहेत हा प्रश्न मला स्पर्धा परीक्षेत कुणी विचारला नव्हता. आता विचारला तर मी पैकीच्या पैकी गुण मिळवीन. फिरत फिरत एका दुपारी ते माझ्या खऱ्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी ऑफिसात होतो आणि दारात किसनराव होते.

संध्याकाळी घरी आलो तर किसनराव ओट्यावर खुर्ची टाकून, चष्मा नाकावर ओढून इव्हान आणि मिलो बघत होते. मागे घरमालकीण इंदूकाकू तूर निवडता निवडता मान वाकडी करून त्यांच्या खांद्यावरून पाहत होत्या.

“अमरबाबू, हे तुमचंच व्हय,” किसनराव म्हणाले. “मले वाटलं माह्या फवारणी पंपाचा नोझल आला. फोडून पाह्यलं तं हे निंगालं. काय व्हय हे?”

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात जेव्हा त्यानं शांतपणे खरं बोलावं. मी मुखपृष्ठाकडे पाहिलं. त्यावर लाकडी पेट्या होत्या, फुलं होती, आणि तोंडावर जाळी ओढलेले दोन तरुण होते.

“ऑफिसचं आहे, काकाजी,” मी म्हणालो. “मधमाशीपालनाची पुस्तिका. सचित्र.”

“इंग्रजीत?”

“वरून आली.”

‘वरून आली’ म्हटलं की आमच्याकडे पुढचे प्रश्न थांबतात. किसनरावांनी मान डोलावली आणि चार पानं उलटली. “योजना तं चांगली दिसते. पण हे पोट्टे माशाइकडे कमी अन् एकमेकाइकडेच जास्त पाहून राह्यले.”

“प्रशिक्षणार्थी आहेत ते.”

“हां,” तूर निवडता निवडता इंदूकाकू म्हणाल्या, “प्रशिक्षण चांगलं चालू दिसते.”

मी पुस्तक घेऊन खोलीत गेलो आणि कडी लावली. सुरुवातीची पानं वाचली. लेखिकेनं दार उघडायच्या ऐवजी मिलोचं बालपण काढलं होतं. त्याची आजी, त्याची शाळा, त्याला पहिल्यांदा चावलेली माशी. इव्हान बाहेर पावसातच. मी तळमळत झोपलो. उद्या उरलेलं वाचू, असं ठरवलं.

पण उद्या वाचायला पुस्तक माझ्याजवळ राहिलं नाही. किसनराव सकाळी चहाच्या टपरीवर गेले आणि पंचायत समितीत मधमाश्यांची योजना आल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांच्या सांगण्यात तपशील भरपूर होते, कारण चित्रं त्यांनी स्वतः पाहिली होती. दुपारपर्यंत माझ्या टेबलाभोवती शेतकरी गोळा झाले. पेटीला अनुदान किती, सातबारा लागतो का, माशी कुठली देता, देशी की विलायती. मी म्हणालो, माहिती घेऊन सांगतो. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं आहे की ते म्हणताना मला अपराधी वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

मग विस्तार अधिकारी शंकरसिंग साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस चांगला, पण एखादी गोष्ट आपल्याला न कळता कार्यालयात घडली की त्यांना ती मनाला लागते.

“पुस्तिका आली आणि मला पत्ता नाही?”

“सर, ती आली म्हणजे... माझ्या घरी आली.”

“शासकीय पुस्तिका घरी? घेऊन या आधी.”

मी घरून पुस्तक आणलं. साहेबांनी ते उलटं धरून मागचं मुखपृष्ठ पाहिलं, वजन केल्यासारखं हातावर तोललं आणि विचारलं, “आवक केली?” मी काही बोलायच्या आत शिपायानं शिक्का मारला. पहिल्या पानावर इव्हानचं पूर्णाकृती चित्र होतं. त्याच्या छातीवर, हृदयाच्या जरा अलीकडे, जांभळ्या शाईत ‘आवक’ उमटलं. वर तारीख. मग साहेबांनी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मी माझ्याच पैशानं घेतलेली प्रेमकथा शासनजमा होताना उभ्यानं पाहिली.

आणि योजना खरोखरच निघाली. शासनाकडे कशाची योजना नसते? साहेबांनी जुन्या परिपत्रकांच्या गठ्ठ्यातून ती शोधून काढली. इतके दिवस कुणी मागितली नाही म्हणून ती पडून होती. साहेबांना उत्साह आला. शेतकरी मेळावा घ्यायचं ठरलं. मेळाव्याला भिंतीवर मोठी चित्रं हवीत, चित्रं पुस्तिकेवरून काढायची, आणि काढायला आश्रमशाळेतले कलाशिक्षक बादल जाधव यांना बोलवायचं, हेही ठरलं.

बादल जाधव आले तेव्हा मी साहेबांच्या टेबलाशी उभा होतो. उंच, सावळा माणूस. बोटांच्या नखांत हिरवा रंग. साहेबांनी कपाटातून पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मुखपृष्ठाकडे.

“दुसरा भाग,” ते हळूच म्हणाले.

“काय?” साहेबांनी विचारलं.

“म्हणजे सर, पुस्तिकेचा हा दुसरा भाग दिसतो. पहिल्या भागात पेट्या लांबूनच दाखवल्या होत्या.”

माझे कान गरम झाले. “तुम्ही पहिला भाग पाहिला आहे?” मी विचारलं.

“दोनदा.”

“मग शेवटी ते दार...” मी अडखळलो. साहेब माझ्याकडे बघत होते. “म्हणजे पेटीचं दार. ते उघडतं की नाही, हे पहिल्या भागात स्पष्ट केलेलं नाही.”

“हो ना,” जाधव गंभीरपणे म्हणाले. “तिथंच संपवलं. मला फार अन्याय वाटला.”

“दार उघडल्याशिवाय मध कसा निघेल?” साहेब म्हणाले. “ही माहिती द्यायलाच पाहिजे.” आणि त्यांनी समोरच्या कागदावर तसं लिहून घेतलं.

चित्रं काढण्यासाठी पुस्तक जाधवांसोबत त्यांच्या खोलीवर गेलं. म्हणजे मी मागवलेला, तीन कळंब फिरून आलेला भाग माझ्याआधी दुसराच माणूस वाचणार होता. शासकीय कामासाठी आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. त्याच रात्री निरोप आला, “उघडलं.” मी लिहिलं, “कृपया पुढचं सांगू नका.” त्यांनी लिहिलं, “नाही सांगत. फक्त सूप उतू गेलं.” मी फोन उशीखाली ठेवला. मला राग यायला हवा होता. पण मी हसत होतो, आणि हसतो आहे हे लक्षात आल्यावर थोडा घाबरलो.

दोन पोस्टर तयार झाली, ती सुरेख. जाधवांनी इव्हानला बंडी आणि मिलोला गमछा घातला होता. मागे बेटाच्या जागी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, शेत आणि दूरवर चिंतामणीचा कळस. पण नजर त्यांनी बदलली नव्हती. दोन्ही पोस्टरवर मध्ये पेटी, अलीकडे एक शेतकरी, पलीकडे एक शेतकरी, आणि दोघं एकमेकांकडे असे बघतायत की आपण मध्ये उभं राहू नये. खाली लिहिलं होतं, ‘मधमाशी पाळा, उत्पन्न वाढवा.’

मेळाव्याला सभागृह भरलं. साहेबांचं भाषण झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात किसनरावांचा.

“साहेब, मी पुस्तिका बी पाह्यली अन् हे चित्रं बी पाह्यले. सगळीकडे दोघं दोघंच हाये. या योजनेत जोडीनं अर्ज करा लागते काय?”

सभागृहात कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता. साहेबांनी वळून पोस्टर नीट न्याहाळलं. मी जमिनीकडे पाहिलं. जाधव छताकडे पाहत होते.

“दोन व्यक्तींचा गट,” साहेब म्हणाले. “पेटी उचलायला दोघं लागतातच.” कळंब तालुक्यात तेव्हापासून हाच नियम आहे. परिपत्रकात तो मला अजून सापडलेला नाही.

प्रात्यक्षिकासाठी जिवंत पेटी हवी होती. बाभुळगावजवळच्या तांड्यावर जाधवांचे मामा धावजी यांच्याकडे पेट्या होत्या. ती पहिली पेटी घ्यायला किसनरावच तयार झाले. त्यांच्या तुरीच्या शेतात ठेवायची होती. आणायला मी आणि जाधव, त्यांच्या मोटारसायकलवर. माश्या उन्हं उतरल्यावर पेटीत परततात, म्हणून धावजीमामांनी संध्याकाळी बोलावलं. त्यांनी पेटीचं तोंड चिंधीनं बंद केलं, वरून दोरी आवळली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

“कायी होत नाही,” ते म्हणाले. “फक्त हलवू नका.”

मांडीवर पेटी घेऊन मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला हा सल्ला त्यांनी कोणत्या हेतूनं दिला, हे मला कळलं नाही. बाभुळगावपासून निघालो तेव्हा पेटी नुसती गुणगुणत होती. साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळताना लोक जसे गुणगुणतात, तसंच. मग एक गतिरोधक आला. त्यावर पांढरा पट्टा नव्हता. पेटी उडाली, मी उडालो, चिंधी सरकली.

पहिली माशी कानाला चावली, दुसरी भुवईला, तिसरी नाकाच्या शेंड्यावर. माणसाला ज्या ज्या जागी मान असतो, त्या सगळ्या जागा त्यांनी निवडल्या. जाधवांनी गाडी थांबवली, हातरुमालानं पेटीचं तोंड बुजवलं आणि मला रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं.

“हलू नका,” ते म्हणाले. गळ्यातल्या ओळखपत्राच्या कडेनं ते एकेक काटा खरवडून काढू लागले. दुसरा हात माझ्या गालाखाली होता. डावा डोळा मिटत चालला होता. उजव्यानं मला त्यांचं मनगट आणि पलीकडे सोयाबीन दिसत होतं.

“जाधव सर...”

“बादल म्हणा. काटा काढायला आल्यावर सर काय म्हणता.”

“बादल. तुम्ही ती पुस्तकं... कधीपासून?”

“बरीच वर्षं. मले वाटे, या जिल्ह्यात मी एकलाच वाचतो.” ते पहिल्यांदाच ऑफिसची भाषा सोडून बोलले. “याडी विचारते, सारखं चित्रंच काय पाहतो. म्हणतो, कलाशिक्षक आहो ना.”

याडी म्हणजे आई. मी म्हणालो, “मी मधमाश्या सांगितल्या.”

ते हसले. सगळे काटे निघाले होते, पण हात गालावरच होता. चेहऱ्याचा कोहळा झालेला असताना आयुष्यातली अशी घटना घडावी, हा मला माझ्यावरचा अन्याय वाटला. एखादा ट्रक येऊन भोंगा वाजवील आणि सगळं मोडेल, अशी मी वाट पाहिली. ट्रक आला, भोंगाही वाजला. हात तसाच राहिला.

घरी पोचलो तेव्हा किसनराव कंदिलासारखा चेहरा करून ओट्यावर उभे होते. पेटी आली याचा त्यांना इतका आनंद झाला की माझा चेहरा त्यांनी जरा उशिरानं पाहिला. इंदूकाकूंनी तुळशीतली ओली माती आणून माझ्या कानानाकाला थापली. बादल पेटी ठेवून निघून गेला.

“आता पाहा बरं पुस्तिकेत,” किसनराव म्हणाले, “पेटीचं तोंड पूर्वेकडे ठेवाचं का उत्तरेकडे. सायबाइकडून घेऊन या उद्या. मी तसंच करतो. एका अक्षरानं इकडे तिकडे करत नाही.”

त्यांनी हे इतक्या भरवशानं म्हटलं की माझ्यात उरलेलं सगळं खोटं तिथंच संपलं.

“काकाजी, त्या पुस्तकात पेटीबद्दल काही नाही.”

“म्हणजे?”

“ते मधमाश्यांचं पुस्तक नाही. गोष्टीचं आहे. त्या दोन पोट्ट्यांचं एकमेकांवर प्रेम आहे, त्याची गोष्ट.”

किसनराव पेटीकडे पाहत राहिले. आत माश्या गुणगुणत होत्या.

“मले पयल्या दिवशीच समजलं,” इंदूकाकू म्हणाल्या. “चित्रं पाहाले इंग्रजी लागते काय?”

“मग तुम्ही बोलल्या नाही, काकू.”

“तू मधमाशी म्हणत होता. म्हटलं, म्हणू दे.”

किसनराव खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “तुमचं बी तसंच हाय काय?”

“हो.”

“मंग मी आर्णीचं स्थळ आणलं तवा तिथं जाऊन पोहे काहून खाल्ले?”

पोहे चांगले होते, हे उत्तर त्या वेळी देता येत नव्हतं.

“खोटं कायले सांगतलं मले?”

“भीती वाटली, काकाजी.”

“कोणाची?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“माही?” त्यांचा आवाज बसला. “तुमाले ताप आला तवा मी रातभर उशाशी बसलो. अन् तुमी मले भेता?” ते उठले आणि आत गेले. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लोटलं.

पुढचे काही दिवस किसनराव माझ्याशी फक्त पाण्याबद्दल बोलले. नळ आला, नळ गेला, टाकी भरली. खोली सोडावी लागेल, असं मी मनाशी धरलं. रात्री बादलला तसं लिहिलं. त्यानं लिहिलं, “थांबा. रागावलेला माणूस नळ आल्याचं सांगत नाही.” कलाशिक्षकाचा हा निष्कर्ष मला घाईचा वाटला, पण मी थांबलो.

रविवारी सकाळी किसनरावांनी खिडकी वाजवली. “चाला. पेटीची जागा बदलाची हाय. मुंग्या लागल्या.”

“मी?”

“दोघं लागते म्हणे साहेब.”

तुरीच्या शेतात आम्ही दोन्ही बाजूंनी पेटी धरली. चेहऱ्याला इंदूकाकूंच्या जुन्या मच्छरदाणीचे तुकडे बांधले होते. दोघंही नवरदेवासारखे दिसत असणार, पण बघायला कुणी नव्हतं. पेटी बांधावर टेकवून किसनरावांनी खाली चार विटा लावल्या, विटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मग जाळीच्या आतूनच बोलले.

“आर्णीवाल्यायले मी निरोप धाडला. म्हटलं, पोरगा दुसरीकडे जमला हाय.”

“काकाजी, अजून कुठं जमला आहे?”

“जमंन,” ते म्हणाले. वाटी सरळ करत त्यांनी पुढे जोडलं, “पण आता खोटं सांगाचं नाही. मधमाशीचं बी नाही अन् कशाचंच नाही. तुमच्या खोट्यानं मी सभेत उभा राहून प्रश्न विचारला.”

त्यांचा सगळ्यात मोठा घाव कुठला होता, ते मला तेव्हा कळलं. मी कबूल केलं.

सोमवारी शंकरसिंग साहेबांनी बोलावलं. पोस्टरांसोबत परत आलेलं पुस्तक ते घरी घेऊन गेले होते. आता ते टेबलावर होतं.

“मी ही पुस्तिका पूर्ण वाचली,” ते म्हणाले. “तांत्रिकदृष्ट्या अपुरी आहे.”

“हो सर.”

“माश्यांची निगा, रोग, हंगाम, काहीच दिलेलं नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तो टपालवाला मुलगा. त्यानं आधीच बोलायला पाहिजे होतं. उगाच पावसात उभा राहिला.”

“हो सर.”

“घेऊन जा. पण जावक करून.”

शिपायानं शेवटच्या पानावर ‘जावक’ मारला. सुदैवानं तिथं फक्त समुद्र होता.

त्या संध्याकाळी बादल आला. मी त्याला पुस्तक परत मिळाल्याचं कळवलं होतं, पण मी वाचत असताना माझा चेहरा बघायचा आहे, असं कारण काढून तो आला. इंदूकाकूंनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि जाहीर केलं की एकट्यानं वाचायचं नाही, सगळ्यांना सांगायचं. किसनराव खुर्ची घेऊन जरा लांब बसले. ऐकत नाही असं दाखवायला त्यांनी हातात पंपाचा नोझल घेतला होता. तो एकदाचा आला होता.

मी वऱ्हाडीत सांगू लागलो, बादल पुस्तक फिरवून चित्रं दाखवू लागला. माझ्या भाषांतरावर पहिल्या पानापासून टीका झाली. ‘तो स्तब्ध उभा होता’ असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “स्तब्ध काय, पोरगं गारठलं म्हण.” मिलोच्या बालपणाचं आणि आजीचं प्रकरण मी थोडक्यात आटोपू पाहिलं, पण काकूंना आजी आवडली, म्हणून ते सगळं वाचावं लागलं. आणि मग दार उघडलं. मिलो काही बोलला नाही. त्यानं इव्हानच्या हातात कोरडा टॉवेल दिला आणि तो सूप ढवळायला वळला. इव्हान बोलत राहिला, बोलत राहिला, मिलो ऐकत राहिला, आणि सूप उतू गेलं.

“लक्ष कुठी होतं त्याचं?” लांबून किसनराव म्हणाले.

बादलनं पान उलटलं. त्या पानावर एकही संवाद नव्हता, म्हणून मला सांगण्यासारखं काही नव्हतं. चौघंही नुसते बघत होतो. किसनरावांची खुर्ची कधीतरी सतरंजीला येऊन टेकली होती. रस्त्यानं जाणारी शेजारीण थांबली, काय चाललंय म्हणाली. काकूंनी तिला सांगितलं, “गोष्ट चालू हाय. दोन पोट्ट्याइची. बस, नाहीतर पुढं जा, उजेड अडतो.” ती बसली.

पुस्तक संपलं तेव्हा दिवे लागले होते. सगळं नीट झालं होतं. कुणी मेलं नव्हतं. किसनरावांनी नाक शिंकरलं, पऱ्हाटीच्या फवाऱ्यानं सर्दी होते म्हणाले आणि बादलला विचारलं की तुझे मामा आणखी एक पेटी देतील का. बादल म्हणाला, विचारतो. मग तो निघाला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो, आणि गाडीपर्यंतचं अंतर चार पावलं असूनही मला यायला उशीर झाला.

परत आलो तेव्हा इंदूकाकू सतरंजी झटकत होत्या.

“रविवारी मास्तर येते ना जेवाले?” त्यांनी विचारलं.

“बोलवू का?”

“मी बोलावलं. तू त्याले तवा पाहत होता, तुले ऐकू नाही आलं.” त्यांनी सतरंजीची घडी केली. “वांग्याच्या भाजीत तिखट कमी टाकतो. त्याले तिखट झेपत नाही.”

“तांड्यावरच्या माणसाला तिखट झेपत नाही? तुम्हाला कोणी सांगितलं?”

“चिवडा देल्ला होता मघा. मिरच्या येचून येचून तुह्या बशीत टाकत होता. अन् तू खाऊन राह्यलता.”

मी विचार करून पाहिला. घशाला खरंच आग लागली होती. मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यालो.